कस्तुरबांचा अखेरचा कारावास

सन १९४२ च्या ऑगस्ट महिन्याची ९ तारीख होती आणि वार रविवार होता. त्या दिवशी सायंकाळी दादरच्या शिवाजी पार्कवर महात्मा गांधींची जाहीर सभा व्हावयाची होती. परंतु गांधीजींना तर पहाटेच सरकारने पकडून नेले होते. आता सभेत बोलणार कोण, हा प्रश्न सर्वांनाच पडला होता. तोच शहरात वार्ता पसरली, की गांधीजींच्या जागी कस्तुरबा बोलणार आहेत. कस्तुरबांचे वय त्या वेळी त्र्याहत्तर वर्षांचे होते. प्रकृती खालावलेली, अंगयष्टी लहानखुरी आणि मोठ्या सभांतून भाषणे करण्याची सवय बेताचीच. तरीही त्यांनी जावयाचे ठरविले होते. त्या निघण्याच्या तयारीत असतानाच पोलीस दारात येऊन उभे राहिले. कस्तुरबा शिवाजी पार्कवर पोचल्या नाहीत. त्या सायंकाळी त्यांचा जो बंदिवास सुरू झाला, तो त्यांच्या मृत्यूनेच संपला.

त्यांचा अपराध कोणता होता, हे कोणत्याही न्यायाधीशाने त्यांना कधी सांगितले नाही. त्यांच्यावर खटला झाला नाही, आरोप ठेवला गेला नाही, शिक्षेची मुदत ठरली नाही. ज्यांना सरकारने त्या पहाटे कैद केले होते, त्यांच्या त्या पत्नी होत्या आणि पतीचे काम पुढे चालविण्याचे त्यांनी मनाशी ठरविले होते, एवढे मात्र खरे.

कस्तुरबांचा जन्म १८६९ साली काठेवाडातील पोरबंदर येथे झाला. त्यांचे वडील गोकुळदास माकनजी कापडिया हे तेथील सधन व्यापारी होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे कस्तुरला शाळेत घातले गेले नाही. तेराव्या वर्षाच्या सुमारास तिचे लग्न झाले आणि नवरा मोहनदासही तेवढ्याच वयाचा होता. तुमच्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींएवढी ती दोघे होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या संसाराच्या आरंभाची कल्पना येईल. मोहनदास तेव्हा मोठा हट्टी व संशयी होता. पत्नीने आपल्याला विचारल्यावाचून कोठे जाऊ नये असे त्याला वाटे, आणि कस्तुर तर देवळात किंवा मैत्रिणींकडे जावयाचे झाले की खुशाल निघून जाई. पुढे गांधीजींनी आपल्या आत्मचरित्रात हे सारे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. पत्नीच्या या शांत पण न वाकणाऱ्या वृत्तीपासून आपण पुष्कळ शिकलो, हे ते उतारवयात कबूल करीत.

मुंबईशी कस्तुरबांचा संबंध जुना होता. १९०२ साली गांधीजींनी मुंबईत वकिली करावयाचे ठरविले आणि गिरगावात बिऱ्हाड केले. त्या घरी येऊन स्थिरस्थावर होतात न होतात तोच त्यांचा दुसरा मुलगा मणिलाल विषमज्वराने अंथरुणाला खिळला. सोबत फुप्फुसाचा दाहही झाला. एका पारशी डॉक्टरांनी मुलाला अंडी व कोंबडीचा रस्सा देण्याचा सल्ला दिला. गांधीजींना तो मानवला नाही आणि त्यांनी ओल्या चादरीचा जलोपचार आरंभिला. ताप १०४ अंशांपर्यंत चढला होता. उपचार करून झाल्यावर जिवाची घालमेल असह्य होऊन गांधीजी चौपाटीवर फिरावयास गेले आणि तापलेल्या मुलाजवळ आई बसून राहिली. मुलगा बरा झाला. ते घर दमट व कोंदट असल्यामुळे कुटुंब लवकरच सांताक्रूझला राहावयास गेले आणि त्याच वर्षी गांधीजींना पुन्हा दक्षिण आफ्रिकेत जावे लागले. कस्तुरबांच्या आयुष्यात असे बिऱ्हाड मांडणे आणि मोडणे किती वेळा घडले, याची गणती करणे कठीण आहे.

तुरुंगाची पहिली ओळख त्यांना दक्षिण आफ्रिकेतच झाली. १९१३ च्या मार्च महिन्यात तेथील एका न्यायाधीशाने असा निर्णय दिला, की ख्रिस्ती पद्धतीने न झालेले व सरकारदरबारी न नोंदलेले विवाह कायदेशीर नव्हेत. म्हणजे त्या देशातील हजारो हिंदू, मुसलमान व पारशी स्त्रिया एका दिवसात कायद्याच्या दृष्टीने पत्नी राहिल्या नाहीत. हे ऐकून कस्तुरबा संतापल्या. सप्टेंबर महिन्यात सत्याग्रहींच्या लहानशा तुकडीबरोबर परवान्यावाचून सरहद्द ओलांडून त्या ट्रान्सवालमध्ये शिरल्या आणि त्यांना अटक झाली. तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा घेऊन त्या मॅरित्सबर्गच्या तुरुंगात गेल्या. त्या वेळी त्यांचे व्रत होते आणि त्या केवळ फलाहार करीत. तुरुंगात तो मिळेना, तेव्हा त्यांनी उपवास केला. अखेर अधिकाऱ्यांना नमते घ्यावे लागले. सुटून आल्या तेव्हा त्या अस्थिपंजर झाल्या होत्या.

ही शिक्षा कठोर होती, यात शंका नाही. तथापि तिच्यात एक गोष्ट होती, ती येथे नमूद करून ठेवतो, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. आफ्रिकेत कस्तुरबांना न्यायासनासमोर उभे केले गेले. कोणता कायदा त्यांनी मोडला हे सांगितले गेले. तुरुंगात किती दिवस काढावयाचे हेही सांगितले गेले. आपण कधी सुटणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

९ जानेवारी १९१५ या दिवशी गांधीजी व कस्तुरबा मुंबईस अपोलो बंदरावर उतरली. त्यानंतरची पंचवीस-सत्तावीस वर्षे देशाच्या इतिहासाशी इतकी गुंफलेली आहेत की ती येथे थोडक्यातच सांगितली पाहिजेत. १९१७ साली चंपारणात निळीच्या शेतकऱ्यांची चौकशी चालू असता खेड्यांतून शाळा काढण्यासाठी गांधीजींनी स्वयंसेवक बोलाविले. त्यांत मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले होत्या, ज्यांनी पुढे गिरगावात हिंद महिला समाज स्थापन केला. आणि कस्तुरबाही होत्या. स्वतः जेमतेम अक्षरओळख असलेल्या कस्तुरबा भितिहरवा गावच्या बायकांना स्वच्छतेचे पाठ देऊ लागल्या. एकदा त्यांनी एका बाईला विचारले, की लुगडे का धूत नाही? त्या बाईने त्यांना आपल्या झोपडीत नेले आणि घरात दुसरे लुगडेच नसल्याचे दाखविले. कस्तुरबा निरुत्तर झाल्या.

पुढील प्रत्येक चळवळीत गांधीजी पकडले गेले की मागे राहिलेल्यांचे सांत्वन करणे, सभांना जाणे, खेडोपाडी फिरणे हे काम कस्तुरबांकडे येई. १९३२ च्या जानेवारीत गांधीजींना गावदेवीतील मणिभवनातून रात्रीच्या अंधारात नेण्यात आले, आणि थोड्याच दिवसांत कस्तुरबाही तुरुंगात गेल्या. त्या दोन वर्षांत त्यांच्या तुरुंगाच्या वाऱ्या एकीमागून एक चालू होत्या. १९३९ मध्ये राजकोट संस्थानात प्रजेवर दडपशाही चालू झाली, तेव्हा आपल्या माहेरच्या मुलखातील माणसांचे हाल त्यांना पाहवेनात. प्रकृती बरी नसताना त्या तेथे गेल्या आणि संस्थानाने त्यांना त्रांबा नावाच्या गावी नेऊन ठेवले.

आता पुन्हा १९४२ च्या ऑगस्टकडे वळू. ८ तारखेच्या रात्री गवालिया टँकच्या मैदानावर, ज्याला आज ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतात, काँग्रेसच्या महासमितीने इंग्रजांनी हिंदुस्थान सोडावा असा ठराव मंजूर केला. गांधीजींचा मुक्काम मलबार हिलवरील बिर्ला भवनात होता. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच पोलीस कमिशनर तेथे वॉरंटे घेऊन हजर झाले. ती वॉरंटे तीन होती : गांधीजींचे, त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई यांचे आणि मीराबेन यांचे. कस्तुरबांच्या नावाचे वॉरंट नव्हते. त्यांची इच्छा असेल तर त्यांनी पतीबरोबर यावे, एवढी सवलत सरकारने देऊ केली होती.

कस्तुरबांनी काय करावे? त्यांनी पतीलाच विचारले. गांधीजी म्हणाले, की तुला माझ्यावाचून राहवत नसेल तर चल. पण तू मागे राहून माझे काम करावेस, हे मला अधिक आवडेल. साठ वर्षे सोबत काढलेल्या त्या वृद्ध पत्नीला पतीपासून दूर राहण्याचे किती भय वाटत असेल! सरकार देत असलेली सोय घेतली असती तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती. पण त्या मागे राहिल्या.

त्या दिवशी मुंबई खवळून उठली होती. सकाळी गवालिया टँकवर अरुणा असफअली यांनी तिरंगा फडकविला आणि पोलिसांनी जमावावर अश्रुधूर सोडला. दुपारनंतर बिर्ला भवनात कस्तुरबांची निघण्याची तयारी चालली होती. त्यांच्याबरोबर तरुण डॉक्टर सुशीला नय्यर होत्या. सभेला न जाता घरीच थांबावे, असे पोलीस अधिकाऱ्याने कस्तुरबांना सुचवून पाहिले. त्यांनी ते मानले नाही. तेव्हा त्या दोघींनाही पकडण्यात आले. पहाटे जिच्या नावाचे वॉरंट काढण्याची सरकारला गरज वाटली नव्हती, ती बाई अवघ्या काही तासांत सरकारला धोकादायक वाटू लागली. शिवाजी पार्कवर मात्र लोक जमतच होते आणि तेथेही पोलिसांनी बळ वापरून त्यांना पांगविले.

पोलिसांची मोटार कस्तुरबांना घेऊन आर्थर रोडच्या तुरुंगात गेली. सात रस्ता ते लालबाग या भागात राहणाऱ्या मुलांना या तुरुंगाच्या उंच दगडी भिंती परिचयाच्या असतील. तेथे पोचल्यावर कस्तुरबांना अतिसार झाला. अंगात कसर होती, अशक्तपणा होता. वेळेवर औषध मिळेना आणि पथ्याचे खाणेही मिळेना. सुशीलाबाई स्वतः डॉक्टर असून त्यांच्या हाती काही नव्हते. आपल्याला कोठे नेणार आहेत, गांधीजी कोठे आहेत, हे त्या दोघींना कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांना आगगाडीने पुण्याकडे नेण्यात आले. गाडीची वाट पाहात असता स्थानकावरील नेहमीची वर्दळ, हमालांची धावपळ आणि उतारूंची गर्दी कस्तुरबा पाहात होत्या. सगळे कसे रोजच्यासारखे चालले आहे, मग बापू स्वराज्य कसे मिळविणार, अशी चिंता त्यांनी सुशीलाबाईंजवळ बोलून दाखविली.

११ ऑगस्टला त्या पुण्याजवळ येरवडा येथील आगाखान महालात पोचल्या. तो महाल सरकारने तुरुंगासारखा वापरावयास घेतला होता. भोवती काटेरी तारांचे कुंपण होते आणि सशस्त्र पहारा होता. कस्तुरबांना पाहून गांधीजींच्या मनात पहिली शंका कोणती आली असेल? ती आपण होऊन मागणी करून आली, की पकडून आणली गेली, हे त्यांनी विचारले. पकडून आणली, हे कळल्यावरच त्यांचे समाधान झाले.

येथे थोडे थांबून या कैदेचे स्वरूप समजावून घेतले पाहिजे. चोरी, दरोडा किंवा दुसरा कोणताही गुन्हा केल्याचा आळ आला, तर माणसाला न्यायालयापुढे नेतात. तेथे पुरावा मांडला जातो, आरोपीला वकील देता येतो, आणि अपराध शाबीत झाला तरच शिक्षा होते. परंतु सरकारला एखाद्याचा नुसता संशय आला, तर त्याला खटल्यावाचून डांबून ठेवण्याची मुभा देणारे कायदेही इंग्रजी राज्यात होते. याला स्थानबद्धता म्हणतात. मुंबई इलाख्यातील १८२७ चे पंचविसावे रेग्युलेशन हा असाच एक जुना कायदा होता. १८९७ साली पुण्याच्या नातू बंधूंना आणि १९३० साली खुद्द गांधीजींना त्याच कायद्याखाली अटकेत ठेवले होते. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर भारत संरक्षण नियम आले आणि त्यांतील सव्विसाव्या नियमाने हे काम आणखी सोपे केले. असा स्थानबद्ध मनुष्य दिवस मोजू शकत नाही, कारण मोजावयाला शेवटचा दिवसच ठरलेला नसतो.

हा सव्विसावा नियम न्यायालयाच्या कसोटीस उतरला नाही, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. मुंबई सरकारने स्थानबद्ध केलेले केशव तळपदे यांचे प्रकरण दिल्लीच्या फेडरल कोर्टापुढे गेले. १९४३ च्या एप्रिलमध्ये मुख्य न्यायमूर्ती सर मॉरिस ग्वायर यांच्या कोर्टाने निर्णय दिला, की ज्या कायद्याच्या आधारे हा नियम केला, त्या कायद्याने दिलेल्या अधिकाराच्या पलीकडे तो गेला आहे. सबब तो टिकत नाही. मग देशभरचे स्थानबद्ध सुटले असतील, असे तुम्हांस वाटेल. तसे झाले नाही. आठवडाभरातच व्हाइसरॉयने एक वटहुकूम काढला आणि कोर्टाने सदोष ठरविलेला नियम मागील तारखेपासून निर्दोष ठरविला. तुरुंगांची दारे होती तशीच बंद राहिली.

चळवळीतील माणसांच्या घरच्यांनी ही झळ कितीतरी प्रकारे सोसली. सातारा जिल्ह्यातील नाना पाटील भूमिगत झाले, तेव्हा सरकारने त्यांचे घर व जमीन जप्त केली आणि घरची माणसे उघड्यावर पडली. आगाखान महालातही पुढे अशी माणसे आली. गांधीजींच्या पुतण्याची मुलगी मनू ही अवघी पंधरा-सोळा वर्षांची होती. ती नागपूरच्या तुरुंगात होती. तिला कस्तुरबांच्या शुश्रूषेसाठी येथे आणले. जयप्रकाश नारायण यांच्या पत्नी प्रभावतीदेवी यांनाही बिहारातील तुरुंगातून येथे आणण्यात आले.

महालात आल्यावर चारच दिवसांनी, १५ ऑगस्ट रोजी, महादेवभाई देसाई हृदयविकाराने अकस्मात वारले. पन्नाशीच्या आतबाहेरचा, मुलासारखा वाढविलेला तो माणूस डोळ्यांदेखत गेल्याचे पाहून कस्तुरबांच्या काळजाला मोठा धक्का बसला. त्यांचे दहन महालाच्या आवारातच झाले. ती जागा कस्तुरबांना देवळासारखी वाटे, आणि पायांत बळ होते तोवर त्या तेथे नमस्काराला जात.

दिवस जात होते. कस्तुरबा तुळशीची पूजा करीत, रामायण-भागवत ऐकत, सूत काढीत. गांधीजी त्यांना गुजराती वाचन व भूगोल शिकवीत. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी प्रांतांची व नद्यांची नावे पाठ करणे सोपे नव्हते. पाठ केलेले दुसऱ्या दिवशी विसरून जाई आणि मग त्या खिन्न होत. कॅरमचा खेळ मात्र त्यांना फार आवडे आणि त्यात जिंकल्या की त्या लहान मुलासारख्या हरखून जात. मोठ्या माणसांच्या चरित्रात अशा गोष्टींना कोणी स्थान देत नाही. मला वाटते, तुरुंगात त्या कशा राहिल्या हे समजावयाला याच गोष्टी अधिक उपयोगी पडतात.

१९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास केला. त्या दिवसांत ते वाचतील याची आशा पुष्कळांनी सोडली होती. सरकारने तर त्यांच्या अंत्यविधीसाठी लागणाऱ्या चंदनाची बेगमीही करून ठेवली होती. कस्तुरबा रात्रंदिवस त्यांच्या उशाशी बसून राहिल्या. उपवास पार पडला, गांधीजी सावरले. पण कस्तुरबांची प्रकृती त्यानंतर ढासळू लागली. वर्षअखेरीस त्यांना हृदयविकाराचे झटके येऊ लागले. श्वास कोंडे, आडवे निजता येईना, रात्री बसून काढाव्या लागत.

महालात दोन डॉक्टर होते आणि दोघेही कैदीच होते. एक सुशीलाबाई, आणि दुसरे मुंबईचे प्रख्यात हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर गिल्डर, जे १९३७ च्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री होते. त्यांनी होईल तेवढे केले. कस्तुरबांना निसर्गोपचार करणारे पुण्याचे डॉक्टर दिनशा मेहता आणि एखादे आयुर्वेदाचे वैद्य यांचे औषध हवे होते. बाहेरच्या जगात ही मागणी किती साधी! पण बंदिवानाला वैद्य हवा तर अर्ज करावा लागतो, तो अर्ज एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जातो, आणि रोग्याचा श्वास त्या कागदासाठी थांबत नाही. दिनशा मेहतांना परवानगी मिळण्यात बरेच दिवस गेले. नंतर लाहोरचे वैद्य शिव शर्मा यांना येऊ दिले, परंतु रात्री महालात राहण्याची त्यांना मनाई होती. रोग्याला केव्हा काय होईल याचा नेम नव्हता, म्हणून ते वैद्य लागोपाठ रात्री महालाच्या फाटकाबाहेर आपल्या मोटारीत झोपले. रात्री त्यांची गरज लागली, की आधी पहारेकऱ्याने जमादाराला उठवावे, जमादाराने तुरुंगाच्या अधिकाऱ्याला उठवावे आणि मग फाटक उघडावे. गांधीजींनी याविषयी सरकारला कडक शब्दांत पत्र लिहिले, तेव्हा कोठे वैद्यांना आत राहू देण्यात आले. त्यांचेही प्रयत्न थकले.

मुले भेटून गेली. धाकटे देवदास शेवटी जवळ होते. त्यांनी कलकत्त्याहून पेनिसिलिन हे तेव्हाचे नवे औषध विमानाने मागविले होते. परंतु दर काही तासांनी आईच्या जर्जर देहाला सुई टोचावयाची, याला गांधीजींचे मन तयार झाले नाही. देवदासांनी आग्रह केला आणि अखेर तो सोडून दिला. या निर्णयाबद्दल पुढे लोकांनी बरीच चर्चा केली आहे. तो योग्य होता की नाही, याचा निवाडा आपण येथे करू नये.

२२ फेब्रुवारी १९४४. महाशिवरात्रीचा दिवस होता. सायंकाळी साडेसातच्या सुमारास गांधीजींच्या मांडीवर मस्तक ठेवून कस्तुरबांनी प्राण सोडला. अंत्ययात्रा सार्वजनिकरीत्या काढू देण्यास सरकार तयार झाले नाही. सुमारे दीडशे आप्तेष्टांना महालाच्या आवारात येऊ देण्यात आले. गांधीजींनी काढलेल्या सुताची साडी कस्तुरबांना नेसविली होती. महादेवभाईंच्या समाधीशेजारी चिता रचली गेली, आणि वर्षापूर्वी गांधीजींसाठी आणून ठेवलेले चंदन तिच्या कामी आले. चिता विझेपर्यंत गांधीजी झाडाखाली बसून होते. आता आत जाऊन विसावा घ्यावा, असे कोणी सुचविले. त्यावर ते म्हणाले, की बासष्ट वर्षांच्या सहवासानंतर या शेवटच्या घटकेला मी तिला सोडून कसा जाऊ?

कस्तुरबांच्या मृत्यूनंतर विलायतेत पार्लमेंटमध्ये सांगण्यात आले, की त्यांची औषधपाण्याची सर्व व्यवस्था ठेवली होती. अमेरिकेतील हिंदुस्थान सरकारच्या प्रतिनिधीने तर असे प्रसिद्ध केले, की प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना सोडण्याचा विचार सरकारने अनेकदा केला होता. परंतु पतीजवळ राहावे ही त्यांचीच इच्छा असल्याने तिचा मान राखला गेला. हे वाचून गांधीजी स्वस्थ बसले नाहीत. पत्नीच्या चितेला दोन आठवडेही झाले नव्हते. त्यांनी सरकारला लिहिले, की सुटका देऊ केल्याचा निरोप त्यांना किंवा मला कधीही मिळालेला नाही. जी गोष्ट विचारलीच नाही, तिला नकार दिला असे कसे म्हणता येईल? सरकारशी हा पत्रव्यवहार बरेच दिवस चालला. शोक बाजूला ठेवून तारखांनिशी व तपशिलांनिशी लिहिलेली ती पत्रे आजही वाचावयास मिळतात.

६ मे १९४४ रोजी गांधीजींची सुटका झाली. निघण्यापूर्वी त्यांनी दोन्ही समाध्यांवर फुले वाहिली आणि प्रकृती सुधारण्यासाठी ते मुंबईस जुहूच्या किनाऱ्यावर येऊन राहिले. कस्तुरबांच्या स्मरणार्थ देशाने एक कोटी रुपयांहून अधिक निधी जमविला. तो खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी खर्च व्हावा, असे ठरले.

स्वातंत्र्यानंतर आपण जे संविधान केले, त्याच्या बाविसाव्या अनुच्छेदात अटकेतील माणसाला अटकेचे कारण कळविले पाहिजे, त्याला वकील देता आला पाहिजे आणि चोवीस तासांत न्यायाधीशापुढे नेले पाहिजे, असे लिहिले आहे. स्थानबद्धतेचे कायदे मात्र त्याच अनुच्छेदाने काही बंधने घालून चालू ठेवले, आणि ते असावेत की नसावेत हा वाद अजून मिटलेला नाही. तुम्ही वरच्या वर्गात गेलात म्हणजे तो अनुच्छेद मुळातून वाचा.

आगाखान महाल १९६९ साली राष्ट्राला अर्पण करण्यात आला. काही वर्षांपूर्वी आम्ही शाळेतील मुलांना घेऊन तेथे गेलो होतो. त्या दोन समाध्या झाडांच्या सावलीत एकमेकींशेजारी आहेत. मुंबईतील आर्थर रोडचे नाव आता साने गुरुजी मार्ग असे आहे. तो तुरुंग अजून तेथेच आहे. त्याच रस्त्यावर, तुरुंगापासून हाकेच्या अंतरावर, महानगरपालिकेचे सांसर्गिक रोगांचे रुग्णालय आहे. पूर्वी त्यालाही आर्थर रोडचेच नाव होते. आता त्याला कस्तुरबा रुग्णालय म्हणतात, आणि रात्री-अपरात्री कोणाही रोग्यासाठी त्याचे फाटक उघडे असते.